बिजलीघाटीतलं खेचर

आमच्या घरात देवांच्या खालोखाल मान होता तो एका खेचराला.

खेचराचं नाव चंद्री. ‘बिजलीघाटी’ नावाच्या जुन्या हिंदी सिनेमात शेरा डाकू झुलता पूल तोडतो, कप्तान दिलावर एका हातानं दोराला लटकतो, खाली मगरींची नदी, आणि नेमकी तेव्हा ही चंद्री कड्याच्या टोकाशी येऊन उभी राहते. तिच्या गळ्यातला दोर खाली लोंबत असतो. कप्तान तो पकडतो. शेरा तिला हाकलतो, काठीनं मारतो, गूळ दाखवतो. बाई जागची हलत नाही! ती हलली नाही म्हणून कप्तान वर आला. तिथून पुढं ती त्याच्याबरोबर खजिन्यापर्यंत जाते आणि ऐन मोक्याला रस्त्याच्या मधोमध थांबते. दर वेळी ती थांबली म्हणूनच सगळे वाचतात, कारण पुढं एक तर दरी असते, नाही तर शेरा. लहानपणी मला आरत्या अर्ध्याच यायच्या. चंद्री कुठं कुठं थांबते, ते मात्र क्रमानं पाठ होतं.

हा सिनेमा मी अगदी लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून अकोल्याच्या टॉकीजमध्ये पाहिला, असं मी शपथेवर सांगितलं असतं. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं माझी अब्रू गेली ती याच्यामुळं.)

आमचं गाव बार्शीटाकळीजवळ. घरचा मळा. मेथी, पालक, सांबार. (सांबार म्हणजे कोथिंबीर. माझी भावजय मंजिरी पुण्याची आहे. तिला हे समजावून सांगावं लागलं, म्हणून तुम्हालाही सांगते.) दिवेलागणीला अंगणात ओल्या पोत्यांवर भाजीचा ढीग असायचा आणि आई, बाबा, मी आणि धाकटा प्रमोद असे भोवती जुड्या बांधायला बसायचो. पहाटे माल अकोल्याच्या बाजारात जायचा. जुड्या बांधण्याचं काम असं आहे, की हातांना उसंत नाही आणि डोक्याला काम नाही. अशा वेळी माणसं एकमेकांची उणीदुणी काढतात. आमच्याकडे ते होऊ नये म्हणून बाबा सिनेमा सांगायचे. एकच सिनेमा. वर्षानुवर्षं.

पण काय सांगायचे! जुडीला गाठ मारता मारता पुलाचा दोर आवळायचे. मेथीची काडी कानात खोचून शेरा व्हायचे. कप्तानाच्या गळ्यात पिवळा मफलर होता, म्हणून बाबाही हिवाळा लागायच्या आतच पिवळा मफलर घालायचे आणि उन्हाळा लागला तरी काढायचे नाहीत. कप्तानाची नीला डाकूंच्या डोळ्यांत तिखटाची पुरचुंडी उधळायची, तेव्हा आम्ही दोघं खरोखर शिंकायचो. आणि शेवट! दगडी दरवाजा उघडतो, सगळे सोनं सोनं करत आत धावतात, आणि आत काय असतं? विहीर. गोड पाण्याची विहीर! कप्तान ओंजळीनं पाणी पितो आणि म्हणतो, “बस. यही खजाना है.”

यात आम्हाला काही विचित्र वाटलं नाही. अकोल्याच्या पलीकडच्या खारपाणपट्ट्यात पाणी तोंडात धरवत नाही. माझी आई तिकडचीच, दर्यापूरकडची. अशा माणसांत वाढलेल्या मुलाला खजिन्यात विहीर निघाली तर ते रास्तच वाटतं. सोन्याचं काय, सोनं विकत मिळतं!

आई मान खाली घालून जुड्या बांधायची आणि मधूनच एखादं वाक्य टाकायची. काय म्हणायची ते आठवत नाही. गोष्ट अडवते म्हणून मला राग यायचा, तेवढं आठवतं.

आता आई नाही. गेल्या पोळ्याच्या आधी गेली. रडायचं ते आम्ही रडलो, करायचं ते केलं. मी अमरावतीला रोपवाटिका चालवते. मिरचीची रोपं सुतकाचे दिवस मोजत थांबत नाहीत, म्हणून मी कामाला लागले. प्रमोदही मळ्यात लागला. बाबा मात्र बंद पडले. तब्येत ठणठणीत, जेवण वेळेवर, पण बोलणं बंद. काही विचारलं की “हं.” चहा? “हं.” पाऊस येईल का? “हं.” मंजिरी एकदा वैतागून म्हणाली, “बाबा, घराला आग लागली आहे.” तर म्हणाले, “हं.”

डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय आहे. मला ते पटलं नाही. चांगला चालणारा पंप एकाएकी पाणी ओढेनासा झाला, तर त्याचं वय झालेलं नसतं. आत हवा धरलेली असते. वरून थोडं पाणी ओतलं की तो पुन्हा उचलतो. प्रश्न एवढाच होता, की या पंपात ओतायचं काय?

तेवढ्यात प्रमोदचा फोन आला. “ताई! बिजलीघाटी पुन्हा आला!”

“कुठं?”

“दुसरा भाग काढला त्यांनी. ‘बिजलीघाटी की वापसी’. तोच हिरो हाय!”

“तोच? अजून आहे तो?”

“हाय ना. थोडा इस्त्री केल्यासारखा दिसते, पण हाय.”

मी तिथल्या तिथं अमरावतीच्या मॉलमधल्या दुपारच्या खेळाची तिकिटं काढली. सगळ्यांची. नवरा म्हणाला, “अगं, पन्नासेक वर्षांनी काढलेला दुसरा भाग म्हणजे शिळ्या भाकरीला नव्यानं तूप लावणं. नको अपेक्षा ठेवूस.” मी म्हटलं, “तुम्ही रोपं सांभाळा.” आणि सकाळीच गाडी घेऊन माहेरी बाबांना आणायला गेले.

बाबा गाडीत बसले. पिवळा मफलर घालून बसले! मंजिरीनं मला कोपरानं ढोसलं. शुभशकुन होता. मी उत्साहात येऊन प्रमोदला गाडी मुद्दाम अकोल्याच्या जुन्या टॉकीजवरून घ्यायला लावली. टॉकीज बंद होऊन जमाना झालेला. आता तिथं लग्नाच्या मांडवाचं सामान ठेवतात. बाबांनी काच खाली केली, बराच वेळ पाहिलं, आणि कित्येक महिन्यांनी पहिलं पूर्ण वाक्य बोलले.

“इथून बस स्टँड लय जवळ हाय.”

झालं. काच वर. एवढ्या थोर ठिकाणी येऊन माणसाला बस स्टँड आठवावं! मी म्हटलं, असो, पंप निदान खाकरला.

मॉलच्या दारात पहिली लढाई झाली. प्रमोदनं माझ्यासाठी मळ्यातून भाजी आणली होती. ती पिशवी गाडीत उन्हानं मरेल म्हणून तो सोबत घेऊन आला. गार्डनं पिशवी उघडली. वर मेथी, खाली सांबार.

“बाहेरचं खाणं अंदर चालत नाही.”

“अहो, हे कच्चं आहे,” मी म्हटलं. “कच्ची मेथी कोणी पिक्चर पाहताना खातं का?”

“ते मले काय मालूम मॅडम. नियम म्हंजे नियम.”

“आम्ही बकऱ्या दिसतो का तुम्हाला?”

गार्डनं आम्हाला एकदा नीट पाहिलं. उत्तर द्यायला त्यानं जो वेळ घेतला, तो मला आवडला नाही. शेवटी पिशवी त्याच्या टेबलाखाली ठेवायची असा तह झाला.

आत गेलो. अंधार झाला, ते ओळखीचं संगीत सुरू झालं (बाबा तोंडानं वाजवायचे तेच, फक्त जास्त वाद्यं), आणि माझ्या अंगावर काटा आला. मी शेजारी पाहिलं. बाबा खुर्चीत पुढं सरकून बसले होते. मी मनात म्हटलं, उचलला. पंपानं पाणी उचललं!

मग कप्तान दिलावर पडद्यावर आला.

आता काय सांगू. चेहरा संगणकानं पंचविशीचा केलेला आणि मान ऐंशीची. जणू नव्या मडक्यावर जुना फडका गुंडाळलेला. धावायची वेळ आली की कॅमेरा मागून. पाठ दुसऱ्याच कुणाची तरी होती, आणि ती पाठ व्यायाम करणारी होती. बसताना मात्र कप्तान स्वतः बसायचा, कारण “हाय रे” हा आवाज अस्सल होता. पिवळा मफलर होता, पण तो काचेच्या पेटीत! कप्तानाचा नातू खजिना शोधायला ड्रोन सोडतो. ड्रोननं सापडणाऱ्या वस्तूला खजिना म्हणतात का? उद्या मोबाइलच्या टॉवरलाही खजिना म्हणाल!

“नीला कुठाय?” प्रमोद कुजबुजला.

“येईल.”

नीला आली. भिंतीवर. फोटोत. फोटोला हार घातलेला. कप्तानानं फोटोसमोर उभं राहून डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं, नातू म्हणाला “चलो दादाजी”, आणि दोघं हेलिकॉप्टरमध्ये बसून गेले. नीलाचं काम संपलं.

पुढच्याच मिनिटाला मध्यंतर झालं. दिवे लागले न लागले तोच बाबा उठले, मफलर आवळला आणि थेट दाराकडे चालू लागले.

“बाबा, इकडं कुठं? अजून अर्धा बाकी आहे!”

“हं,” म्हणाले, आणि गेले.

मी मागोमाग बाहेर आले, तर बाबा गार्डच्या टेबलाशी. मेथीची पिशवी बाहेर काढलेली, स्टुलावर बसून ते सैल झालेल्या जुड्या सोडून पुन्हा आवळून बांधत होते. गार्डनं त्यांना बसायला स्वतःचं स्टूल दिलं होतं आणि स्वतः उभा होता. (माझ्याकडे मघाशी हाच मनुष्य बकरीकडे बघावं तसा बघत होता.)

“चला बाबा, आत. पुढं चंद्री येईल.”

बाबांनी मान हलवली. नाही.

पंपात पाणी ओतायला निघालेली मी, आणि ओतलं काय, तर वाळू. पण अर्धं ताट टाकून उठायची मला सवय नाही. शिवाय मला आशा होती. बाकी सगळं बिघडवतील, चंद्रीला कसे विसरतील? मी बाबांना गार्डच्या हवाली केलं आणि आत जाऊन बसले.

विसरले! सगळा दुसरा अर्धा संपला, चंद्रीचं नाव नाही. पूल आला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. पुलावर नातू लटकला, आणि त्याला वर काढलं कुणी? ड्रोननं! तिखट नाही, पुरचुंडी नाही. दगडी दरवाजा उघडला, तर आत हिऱ्यांचे ढीग, आणि लगेच त्यांचा स्फोट. विहिरीचा पत्ता नाही. दिवे लागले तेव्हा मी उभी होते. कधी उठले ते आठवत नाही. प्रमोद म्हणतो, मी ड्रोन आला तेव्हाच उठले आणि मागच्या रांगेतले लोक तेव्हापासून मला बसायला सांगत होते.

“मॅनेजर कुठं आहेत?” मी बाहेर येऊन विचारलं.

“ताई, जाऊ द्या ना,” मंजिरी म्हणाली. “वाईट सिनेमा होता. असतात.”

“तुला नाही कळायचं. तुमच्याकडे नव्हती चंद्री.”

मॅनेजर आला. सभ्य, गोरटेला, टाय लावलेला. एकंदरीत माझ्या हाती सापडू नये असा माणूस.

“खेचर कुठं आहे?” मी विचारलं.

“काय मॅडम?”

“खेचर. चंद्री. कापलीत तुम्ही. खेळ लवकर संपवायला मधला भाग कापता, माहीत आहे मला!”

“मॅडम, आम्ही कापत नाही. जसा येतो तसा लावतो.”

“मग विहीर कुठं आहे?”

“विहीर?” त्यानं घाबरून पायाखालच्या फरशीकडं पाहिलं.

इथं मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. मी त्याला मूळ बिजलीघाटी सांगितला. पुलापासून. शेरा कसा काठी मारतो, चंद्री कशी हलत नाही, नीला तिखट कशी उधळते, सगळं हातवाऱ्यांसकट. माणसं जमली. पुढच्या खेळाला आलेले थांबून ऐकू लागले. मक्याच्या लाह्या विकणारा गल्ला सोडून आला. कुणी तरी म्हणालं, “हे भारी हाय ना बे! हा पिक्चर कुठं लागला?” मला चेव चढला. मी म्हटलं, “बघा! ही असते गोष्ट! आणि तुम्ही आम्हाला ड्रोन दाखवता? खेचर कुठं आहे ते सांगा, त्याशिवाय मी इथून हलणार नाही!”

मॅनेजर कळवळून म्हणाला, “मॅडम, खरंच सांगतो, इथं कुठलंच खेचर नाही.”

प्रमोदनं माझा एक दंड धरला, मंजिरीनं दुसरा. स्टुलावर बसलेले बाबा जुडी हातात धरून माझ्याकडं पाहत होते. त्यांच्या मिशा हलल्यासारख्या वाटल्या. मला वाटलं, माझी लाज वाटली असेल.

अमरावतीच्या माझ्या घरी आल्यावर मी चहा टाकला आणि भांडी आपटली. मंजिरी म्हणाली, “ताई, एवढं वाईट वाटून घेऊ नका. दुसऱ्या भागाच्या निमित्तानं कंपनीनं मूळ सिनेमा मोबाइलवर मोफत टाकलाय. टीव्हीला जोडून देते. चंद्रीला भेटा आणि शांत व्हा.”

केवढी गुणाची भावजय! आम्ही सगळे बसलो. बाबाही बसले. नवराही रोपं सोडून आला. मी मंजिरीला म्हटलं, “आता बघ. आता तुला कळेल.”

सिनेमा सुरू झाला. काय सांगू, अक्षर न् अक्षर तेच! नकाशा तोच, शेराचा कानातला दागिना तोच (आमच्याकडे मेथीची काडी), पिवळा मफलर तोच. प्रमोद आणि मी संवाद आधीच म्हणत होतो. पूल आला. शेरानं दोर तोडला. कप्तान एका हातानं लटकला. खाली मगरी. आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, ‘मध्यांतर’.

“आता,” मी म्हटलं. “आता चंद्री.”

मध्यांतर संपलं. कप्तान दिलावर एका शहरातल्या हॉटेलात पांढरे बूट घालून नाचत होता.

“हे काय?” प्रमोद म्हणाला.

“मधलं काही राहिलं असेल,” मी म्हटलं. “मागं घे.”

मागं घेतलं. मगरी. मध्यांतर. पांढरे बूट. पुलावरून माणूस वर कसा आला, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं! पुढं नीला किंचाळली. मग आणखी एकदा किंचाळली. मग तिला बांधून ठेवलं आणि ती बांधलेल्या अवस्थेत किंचाळली. तिखट नाही. खेचर नाही. दगडी दरवाजा उघडला, आत सोन्याच्या पेट्या, त्या कप्तानानं फौजदाराला दिल्या, सलाम ठोकला, समाप्त.

मंजिरी ओठ चावून भिंतीकडं पाहत होती. पुण्याची माणसं हसू दाबतात, तेव्हा ते जास्त ऐकू येतं.

आणि बाबा, अगदी मनापासून, नवल वाटून म्हणाले, “अस्सं झालं होय पुढं!”

आम्ही सगळे वळलो.

“म्हणजे?” मी म्हटलं.

“म्हंजे काय? आमाले कुठं मालूम होतं.”

“बाबा! तुम्ही पाहिलाय ना हा सिनेमा?”

“पाह्यला ना. इंटरवललोक.”

“इंटरवलपर्यंत?”

“मंग काय करू? गावाकडची शेवटची गाडी सुटत होती ना!” बाबा बोलत होते. हं नाही, पूर्ण वाक्यं! “नवं नवं लगन होतं. मी न् तुही माय माल घेऊन अकोल्याले गेलतो. माल लवकर खपला. म्या म्हटलं, चाल, पिक्चर पाहू. इंटरवल झाला न् गाडीची येळ झाली. पळत पळत स्टँडवर. पुढच्या बाजाराले गेलो, तं पिक्चर बदललेला.”

“आणि पुढचं सगळं?”

“गाडीत बसलो तं तुही माय म्हणे, आता कसं होईन वो त्याचं? म्या म्हटलं, होईन काय, वाचन थो. थे म्हणे, कसा वाचन? नीट सांगा. म्या म्हटलं, हिरो हाय, वाचतेच. थे म्हणे, असं कसं, हात दुखत असन ना त्याचा.” बाबा मफलरच्या टोकाशी खेळत होते. “गाव आलं, पण मले काई सुचे ना. थे म्हणे, बरं, उद्या सांगजा. मंग... सांगतच राह्यलो.”

चहावर साय धरली होती.

“तिखटाची पुरचुंडी?” प्रमोदनं हळूच विचारलं.

“तिचंच. थे म्हणे, बाईले नुसती उभी काहून ठेवता? घरून निघताना बाई काई तं बांधून घेईनच ना संगं.”

“विहीर?”

“तेही तिचंच. म्या तं सोनंच ठेवलं होतं. थे म्हणे, सोनं काय चाटाचं हाय? एवढं डोंगर चढून आले, तहान नाई लागली का कोणाले?”

तर गोष्ट अडवणारी आईची ती वाक्यं अशी होती. मी तेव्हा ऐकली असती, तर आज आठवली असती. असो. आपण जुन्या सिनेमाचा दुसरा भाग पाहायला जातो ते हिरोसाठी नाही. पहिला पाहिला तेव्हा शेजारी कोण बसलं होतं, त्यासाठी जातो. ती खुर्ची काही तिकिटावर मिळत नाही. (हे मी नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, “पण तू पहिला पाहिलाच नव्हतास.” म्हणून पुन्हा कुणाला म्हटलं नाही.)

“म्हणून उठलात होय आज मध्यंतराला?” मी विचारलं. “सवयीनं?”

बाबा म्हणाले, “नाई वं. त्याहीनं तिचा फोटो टांगला न् हार घातला. झालं? येवढंच? तिखट उधळणारी बाई थे. तिले भितीवर ठेवता?” मग मफलर नीट करत म्हणाले, “माह्या दुसऱ्या भागात असं नाई होत.”

“तुमच्या दुसऱ्या भागात?” मंजिरीनं विचारलं.

“हो. म्या जुड्या बांधता बांधता त्या गार्डाले थोडासा सांगतला. धारणीकडचा पोरगा हाय. पुढचं इचारत होता. मेथी आना इकडं.”

मेथी आली. बाबांनी जुडी सोडली, काडी कानात खोचली, आणि कप्तान दिलावर म्हातारा झाला तिथून सुरुवात केली. नीलाला त्यांनी भिंतीवर ठेवलं नाही. ती विहिरीवर होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत होती. कप्तान वाट विसरला की घाटाच्या पलीकडून हाक मारायची आणि त्याच्या चुका सांगायची. पुण्याच्या मंजिरीनं मेथी निवडायला घेतली होती, आणि निवडलेली मेथी पुन्हा जुडीत बांधत होती, पण तिला कुणी टोकलं नाही.

पंप उचलला होता. धो धो! मी हिशेबी बाई आहे. काम झालं, आता उठावं, स्वयंपाकाला लागावं, असं ठरवलं. फक्त एक शंका राहिली होती.

“बाबा, तिखट आईचं, विहीर आईची. मग चंद्री कुणाची?”

“खेचर माहं,” बाबा म्हणाले. “आधी तं थो झाडाची मुळी धरून वर ये. खेचर नंतर आलं.”

“कुठून आणलंत?”

“आनाले कायले लागते? घरचंच होतं.”

मला काही कळेना. प्रमोदला माझ्या आधी कळलं. तो तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला.

“तू चालाले लागली तवाची गोठ,” बाबा शांतपणे गाठ मारत म्हणाले. “बाजारात नेलं की भर रस्त्यात उभी राहे. हात धरून ओढा, गूळ द्या, ट्रक येऊ द्या. हलाचं नाव नाई! तुही माय म्हणे, हिचा काईतरी उपेग करा.”

तेव्हापासून तो मॅनेजर सारखा डोळ्यांसमोर येतो. बिचारा टाय सैल करत, जमलेल्या गर्दीसमोर पुन्हा पुन्हा शपथ घेऊन सांगत होता, की मॅडम, इथं कुठलंच खेचर नाही. आणि खेचर त्याच्या पुढ्यातच उभं होतं, भर रस्ता अडवून, आणि दोन माणसांनी दंड धरून ओढलं तरी जागचं हलत नव्हतं.